धारेचा पेला

शिवाजी पेठेत तालमीमागच्या बोळात सकाळी कुणी पावणा आला आणि त्याला धारोष्ण दूध प्यायची हुक्की आली, तर पत्ता विचारत बसायचं काम नाही. शेणाचा वास येईल तिकडं चालत सुटायचं. बोळाच्या तोंडाला दगडी कट्टा, कट्ट्याला टेकून तीन म्हशी, आणि मधल्या म्हशीच्या मांडीला कपाळ टेकून बसलेली एक बाई. तीच बायडाबाई साळोखे. पावण्यानं पेला पुढं करायचा. ती वर न बघता पेला कासेखाली धरायची आणि बघता बघता काठोकाठ फेस आलेला पेला परत द्यायची. त्यात पाणी नाही, साखर नाही आणि विस्तव तर नाहीच नाही. एकतीस वर्षं हे असं चाललं होतं. लग्न होऊन आली ती हळदीच्या पायानं म्हशीखाली बसली, असं तिचा नवरा पिराजी सगळ्यांना सांगायचा. बायडाबाई म्हणायची, "बसली न्हाय, बसवली."

कट्ट्यावरचं बोलायचं खातं पिराजीकडं. काम सगळं बायडाबाईकडं. पिराजीची मिशी नुसती बघायला माणसं यायची, इतकी ती झोकदार. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवलेली म्हैस मोटारसायकलमागं पळवायची आणि पेठेत शिट्ट्या मिळवायच्या, हा त्याचा वर्षाचा सण. त्या म्हशीची शिंगं घासून रंगवायची कुणी? आता हे काय विचारणं झालं? अर्थात बायडाबाईनं.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दिवसाचा पहिला पेला पिराजीचा. आमदार येऊन उभा राहिला तरी पहिली धार नवऱ्याच्या पेल्यात पडायची. तो पेला एका दमात संपवायचा, मिशीवरचा फेस पालथ्या मुठीनं पुसायचा आणि म्हणायचा, "लागू दे आता लायनीला!" बायडाबाईला दिवसभरात सुख म्हणून जे काही मिळायचं, ते एवढंच.

गाठ पहिल्यांदा तिलाच सापडली. मार्चमध्ये, नवऱ्याच्या डोक्याला तेल घालताना. मानेच्या डाव्या अंगाला, कानाखाली, लिंबाएवढी. तिनं ती दोन बोटांत धरून हलवून बघितली. तिची बोटं म्हणजे काय साधी बोटं? कासेला हात लावला की कुठल्या सडात दगडी, म्हणजे सुजेची गाठ, धरतीय ते तिला म्हशीच्या आधी कळायचं. आणि तिच्या अनुभवात दुखणारी गाठ तेवढी वाईट.

"दुखतंय काय?"

"न्हाय की."

"मग ऱ्हाऊ दे. दुखत न्हाय म्हंजे काय न्हाय."

कासेपुरतं ते चालत असेल. माणसाच्या बाबतीत साफ चुकलं. दुखत नाही म्हणूनच तर असल्या गाठी माणूस महिनोन्महिने घेऊन हिंडतो. एका गाठीच्या तीन झाल्या. पायजम्याची नाडी दर आठवड्याला दोन बोटं आत जायला लागली. झोपेत इतका घाम यायचा की सकाळी बंडी पिळावी, आणि तिन्हीसांजेला कणकण ठरलेली. जूनमध्ये त्यांची लेक अनुजा हातकणंगल्याहून सासरची माणसं घेऊन आली, बापाकडं एकदा बघितलं आणि बोलली, "आई, तुला डोळं हायत का न्हाईत?" बायडाबाई चहा ठेवायला आत गेली. तिची स्वतःची कंबर त्या दिवशी इतकी धरली होती की वाकून चहाचं भांडं उचलायलाही ती भिंत धरत होती. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

दवाखान्यात मानेतली एक गाठ अख्खी काढून तपासायला पाठवली. दहा दिवसांनी डॉक्टर दीप्तींनी दोघींना समोर बसवलं. वयानं अनुजाएवढ्याच, पण बोलणं सावकाश, समोरच्याला समजेपर्यंत थांबणारं.

"मावशी, याला लिम्फोमा म्हणतात. रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात आपल्या अंगात. त्या मानेत, काखेत, जांघेत, पोटात छोट्या छोट्या गाठींमध्ये राहतात. काकांच्या त्यातल्या एका जातीच्या पेशी बिघडल्यात. जुन्या मरत नाहीत आणि नव्या वाढतच चालल्यात. म्हणून गाठी, म्हणून ताप, घाम, वजन कमी."

"म्हंजे क्यान्सरच की."

"हो. पण याच्यातही खूप जाती आहेत. काही इतक्या हळू चालतात की आम्ही औषधसुद्धा देत नाही, वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवतो. काकांचा जोरात वाढणारा आहे."

 बायडाबाईनं पदर तोंडात धरला.

"थांबा, पुढचं ऐका. जोरात वाढणारा औषधालाही तशीच जोरात दाद देतो. हळू चालणारा सहसा मुळापासून जात नाही, पुन्हा पुन्हा येत राहतो. हा पूर्ण बरा होऊ शकतो. काकांच्या पोटातही गाठी आहेत, तरी होऊ शकतो."

हे गणित काही बायडाबाईला पचलं नाही. मेलं, जोरात येणारं बरं होणारं आणि हळू येणारं रेंगाळणारं, हे कुठलं शास्त्र? पण 'पूर्ण बरा' हे दोन शब्द तिनं गाठीशी बांधले आणि घरी येईपर्यंत रिक्षात तेच घोळवत बसली.

औषध सहा वेळा द्यायचं होतं, दर एकवीस दिवसांनी, सलाईनमधून. त्यातलं एक लालभडक. ते दिलं की लघवीलाही लाल व्हायचं, आणि पहिल्यांदा पिराजी संडासातून ओरडतच बाहेर आला होता. मध्ये एकदा स्कॅन करून गाठी किती उरल्या ते बघायचं. आणि नाहीच दबला रोग तर? अनुजानं विचारलंच. तर मग दुसरी, जड औषधं. त्यानंतर पेशंटच्याच रक्तातून मूळपेशी काढून ठेवायच्या, आणखी जहाल औषध द्यायचं आणि त्या पेशी परत सोडायच्या. त्यासाठी पुण्याला जायचं, महिना-महिना राहायचं. "पण ते पुढचं पुढं. आधी हे सहा," डॉक्टर म्हणाल्या.

सिस्टरनं एक कागद दिला आणि वाचूनही दाखवला. या औषधानं अंगातली लढायची ताकद काही दिवस पार तळाला जाते. ताप शंभराच्या वर गेला तर घड्याळ न बघता दवाखाना गाठायचा. फळं सोलून, भाज्या शिजवून, पाणी उकळून. आणि दूध उकळूनच. हे तिनं दोनदा म्हटलं. बायडाबाईनं दोनदा मान हलवली.

तिनं ऐकलं नाही असं नाही हो. वीस दिवस तिनं दूध उकळलंच. पण पिराजीच्या तोंडात फोड आलेले, घास गिळवेना, भाताच्या वासानं पोट ढवळायचं. उकळलेल्या दुधाची साय बघितली की तो तोंड फिरवायचा. औषधाच्या विसाव्या दिवशी मिशी गेली. नुसती बोटांत आली. त्या सकाळी तो कट्ट्यावर येऊन खुर्चीत बसला, उघड्या ओठाला हात लावून, कुणाशी न बोलता. बायडाबाई धार काढत होती. एकतीस वर्षांची सवय, हात आपोआप पेला भरून त्याच्याकडं गेला. तिला कळलं तेव्हा त्यानं तो तोंडाला लावलेला होता.

एका दमात प्यायला. मिशी नसलेल्या ओठावर पांढरा फेस. आणि तो हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी पोटात टिकलं.

आता तुम्हीच सांगा, तिनं काय करायचं होतं? आपल्या हातची धार, आपल्या गोठ्यातली म्हैस, सारी पेठ पिऊन दणकट झालेली. दुसऱ्याच्या डेअरीचं असतं तर तिनं दहादा उकळलं असतं. ह्या दुधावर संशय घ्यायचा तर तो तिला स्वतःच्या हातावरच घ्यावा लागला असता. दुसऱ्या दिवसापासून पहिला पेला परत सुरू झाला. अनुजाला सांगायचं नाही, हे नवरा-बायकोत न बोलता ठरलं.

दुसरं सलाईन झालं, तिसरं झालं. मानेतल्या गाठी विरघळून गेल्या. बायडाबाई बोटांनी शोधायची आणि सापडायच्या नाहीत. तिचं रोजचं चक्र मात्र फिरतच होतं. चारला उठायचं, शेण काढायचं, धारा, कट्टा, आठला डबा, सलाईन असेल तर दवाखाना, दुपारी वैरण, परत धारा. कंबर, गुडघे, अंगभर ठणका. रात्री तिलाही घाम फुटायचा, आणि सकाळी उठून बसेपर्यंत जीव नकोसा व्हायचा. पन्नाशी आली, हे असंच असतंय, असं म्हणून ती उठायची. कट्ट्यावर यायचा तो प्रत्येक जण पेला पुढं करत विचारायचा, "वहिनी, पिराजी कसा हाय?" ती सांगायची, "बरं हाय."

आणि मग ताप आला. तिन्हीसांजेला चढायचा, पहाटे घामानं उतरायचा. कंबर दुखते म्हणून पिराजी कण्हायला लागला. दवाखान्यात दाखल केला, शिरेतून औषधं सुरू झाली. ताप दोन दिवस दबला की परत वर. रक्त जंतू वाढवून बघायला पाठवलं, पाच दिवसांत काहीच उगवलं नाही. स्कॅनमध्ये पोटातली प्लीहा सुजलेली दिसली.

डॉक्टर दीप्तींच्या कपाळावर पहिल्यांदा आठी आली. "ताप, घाम, वजन. सुरुवातीला हेच होतं. गाठी गेल्यात, पण आजार आत कुठंतरी परत डोकं वर काढत असेल तर हे औषध बंद करून दुसरं, जड सुरू करावं लागेल. पुण्याला पाठवावं लागेल. मावशी, नीट आठवून सांगा. बाहेरचं, कच्चं, न उकळलेलं काही पोटात गेलंय?"

अनुजा आईकडं बघत होती.

"न्हाय," बायडाबाई म्हणाली.

खोटं बोलली. आणि बोलताना तिच्या पायाशी पिशवीत किटली होती, त्याच सकाळच्या धारेची. पिराजी दवाखान्यातही दुसरं काही घेत नव्हता, म्हणून ती रोज किटली आणत होती आणि अनुजा चहाला गेली की देत होती.

का बोलली खोटं? लेकीची भीती, हे एक. 'व्हय' म्हटलं तर कट्टा उठला, हे दुसरं. पेठेत बातमी पोचायला अर्धा तास पुरतो. पण खरी गोष्ट वेगळीच होती. 'व्हय' म्हटलं की आपल्या हातानं आपण नवऱ्याला मारत आणलं, हे कबूल करावं लागणार होतं. तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं. दमलेल्या माणसाला खोटं सोपं जातं, एका शब्दात भागतं.

तीन दिवस तिनं ते पोटात ठेवलं. किटली न्यायचं मात्र बंद केलं. पिराजीनं एकदा पिशवीकडं बघितलं, पण विचारलं नाही. चौथ्या दिवशी अनुजा म्हणाली, "उद्या पुण्याची चिठ्ठी देतायत. जड औषधं सोसतील का आबांना, ते त्यांनाबी सांगता येत न्हाय." 

दुसऱ्या दिवशी पहाटे ती चंद्रीखाली बसली, तिची सगळ्यात दुभती म्हैस. हात सवयीनं पिराजीच्या पेल्याकडं गेला. पेला भरला. वर फेस, खाली गरम दूध, एकतीस वर्षांत कधी शंका घेतली नाही असं. ती बराच वेळ तो पेला हातात धरून बसली. रांगेतला आकाराम, पिराजीचा जुना दोस्त, खाकरला. "वहिनी, झोप लागली काय?"

तिनं तो पेला किटलीत ओतला, झाकण लावलं, आणि उरलेल्या धारा तशाच टाकून दवाखान्यात गेली. डॉक्टरांच्या खोलीत शिरून तिनं किटली टेबलावर ठेवली.

"ह्ये दूध हाय."

"उकळलेलं?"

"न्हाय. धारेचं. पयल्या सलाईनीनंतर रोज दिलंय. हितं सुदिक. मी त्या दिशी खोटं बोलले."

डॉक्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन ठेवलं आणि विचारलं, "मावशी, गेल्या वर्ष-दीड वर्षात एखादी म्हैस गाभडली होती?"

बायडाबाई बघतच राहिली. हे ह्या बाईला कसं कळलं? "चंद्री. गेल्या वर्सी. आठवा म्हैना लागलेला, आन् टाकलं तिनं."

"वार कुणी काढली?"

"मीच की. हातानं. दुसरं कोण काढणार?"

 डॉक्टरांनी फोन उचलून लॅबला सांगितलं, ते रक्त टाकून देऊ नका, आणखी दिवस ठेवा, आणि एक वेगळी तपासणी लावा. फोन ठेवून म्हणाल्या, "तुमचंही रक्त घेऊया."

"माझं कशाला? मला काय झालंय?"

"घेऊया तर."

ती खाटेजवळ आली तेव्हा पिराजी जागा होता. गाल आत गेलेले, डोक्यावर केस नाहीत, ओठ उघडा.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मीच मागत हुतो म्हणून सांगायचं हुतंस."

"तुमी कवा मागितलं? मीच दिलं," बायडाबाई म्हणाली, आणि मग मात्र तिचा बांध फुटला. खाटेच्या लोखंडी कडेवर कपाळ टेकून, म्हशीच्या मांडीला टेकायची तशीच, ती रडली. पिराजीनं सुई टोचलेला हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. ठेवला म्हणजे नुसता पडू दिला, तेवढीच ताकद होती.

तीन दिवसांनी डॉक्टरांनी चौघांना, म्हणजे खाटेवरच्या पिराजीसकट अनुजा, तिचा नवरा आणि बायडाबाईला, एकत्र सांगितलं. हा ताप लिम्फोमाचा नाही. हा जनावराकडून येणारा ताप आहे. म्हैस गाभडते तो हाच रोग. कच्च्या दुधातून येतो, वार हाताळली की येतो. ताप चढतो-उतरतो, घाम येतो, कंबर धरते, अंग गळून जातं. रक्तातही सहज सापडत नाही. कुणी सांगितलं नाही तर आपण भलतीकडंच शोधत बसतो. "लिम्फोमा औषधाला चांगली दाद देतोय. पुण्याला जायचं नाही. ह्या तापाच्या गोळ्या सहा आठवडे, ताप उतरला की उरलेली तीन सलाईन. मावशी, तुम्ही सांगितलंत म्हणून."

अनुजानं आईचा हात धरला. बायडाबाईचा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टरांचं बोलून झालं नव्हतं.

"आणि मावशी, तुमचा रिपोर्टही तसाच आलाय. काकांपेक्षा जुना असावा. कधीपासून त्रास होतोय?"

"कसला तरास?"

"थकवा. कंबर, गुडघे. रात्रीचा घाम."

"ते व्हय?" बायडाबाईनं आठवायचा प्रयत्न केला. "चंद्री गाभडली, त्याच्या म्हैन्याभरानं असंल. वर्स झालं की."

"वर्षभर? मग कुणाला सांगितलं का नाही?"

बायडाबाईला हा प्रश्नच कळला नाही. ती साधेपणानं म्हणाली, "कुणी इचारलंच न्हाय."

 अनुजा खाली बघायला लागली. पिराजीनं डोळे मिटून घेतले, पण झोपला नव्हता.

पुढचं सोपं नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनी तिन्ही म्हशींचं रक्त नेलं. चंद्रीत रोग निघाला, तिला वेगळी बांधायची आणि तिचं दूध काढून टाकायचं ठरलं. बायडाबाईनं कट्ट्यावर उभं राहून रोजच्या माणसांना स्वतःच सांगितलं: आजपासनं धारेचं दूध बंद, आणि ज्यांना ताप, कंबरदुखी असेल त्यांनी रक्त तपासून घ्या. आकाराम भडकला. "तीस वर्सं पितोय, मर्दा, मला काय झालंय?" म्हणत पेला आपटून गेला. निम्मी माणसं त्याच्यामागं गेली. तिनं कुणाला अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर शेगडी मांडून पातेलं चढवलं.

पिराजी घरी आला त्या आठवड्यात दिवाळीचा पाडवा होता. रस्त्यावरून रंगवलेल्या म्हशी मोटारसायकलींमागं पळत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती. पिराजी खुर्चीत बसून बघत होता. ओठावर नव्या मिशीची करडी लव आली होती. कट्ट्यावर पाच-सहाच गिऱ्हाइकं. बायडाबाईनं पहिला पेला भरून त्याच्यासमोर धरला, उकळलेला, वर साय. त्यानं सायीकडं बघितलं, श्वास रोखला आणि सगळ्यांच्या देखत घोट घोट करून संपवला.

मग त्यानं खिशातून गोळ्यांची दोन पाकिटं काढली. एक त्याचं, एक तिचं. तिच्या पाकिटातली गोळी त्यानं काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि रिकामा पेला पाण्यानं भरून दिला.

"बायडे," तो म्हणाला, "तुला कसं वाटतंय?"

एकतीस वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं. बायडाबाईनं तोंड उघडलं. काय सांगायचं असतं अशा वेळी, तेच तिला येईना. तिनं गोळी गिळली, पेला खाली ठेवला आणि खुर्चीच्या पायाशी, कट्ट्याच्या दगडावर बसली. पातेल्यातलं दूध वर येत होतं, गिऱ्हाईक "वहिनी, उतू जाईल" म्हणालं, तरी ती उठली नाही.

"दमलेय," ती म्हणाली. पिराजी उठला, भिंत धरत शेगडीपाशी गेला आणि त्यानं जाळ कमी केला.